नुसतं ‘डॉक्सी’ म्हणू नका: लावणीच्या दिवसांतल्या कॅप्सूलबद्दल एका आशाताईंना उत्तर

रत्नागिरी जिल्ह्यात नुकत्याच रुजू झालेल्या एका आशाताईंनी विचारलं आहे: “लावणीच्या आधी आमच्याकडे लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप, टाळायला कॅप्सूल येतात. सिस्टर एक नाव घेतात, औषध दुकानदार दुसरं, गावात सगळे ‘डॉक्सी’ म्हणतात. बरोबर उच्चार काय? ही नेमकी कशावर चालते? आठवड्यातून एकदाच आणि दोन एकदम का? गरोदर बायकांना आणि मुलांना का नाही? आणि घेतल्यावर छातीत जळजळतं म्हणून लोक कॅप्सूल फळीवर ठेवून देतात, त्यांना काय सांगू?”

ताई, सिंधुदुर्गात तालुक्याच्या गावी माझी प्रॅक्टिस आहे. मिरगापासून दिवाळीपर्यंत रोजच हे औषध लिहितो, म्हणून जरा ऐसपैस उत्तर देतो.

उच्चार असा: डॉक्-सि-साय-क्लिन. जोर ‘साय’वर. शेवटचं ‘क्लिन’ ऱ्हस्व म्हणा की दीर्घ, त्याने काही बिघडत नाही. इंग्रजी बोलणारे ते लांबवतात, आपण आखूड म्हणतो. पण ‘सायक्लिन’ ही शेपटी पूर्ण ऐकू आली पाहिजे. औषधांच्या नावात बहुतेक वेळा घराणं शेवटी असतं. ‘सायक्लिन’ म्हणजे टेट्रासायक्लिनच्या घराण्यातलं औषध. ‘सिलिन’ म्हणजे पेनिसिलिनचं घराणं: अ‍ॅमॉक्सिसिलिन, अ‍ॅम्पिसिलिन. त्यामुळे ‘डॉक्सीसिलिन’ असं जे तुमच्या कानावर येतं, त्या नावाचं औषधच नाही. ते ऐकणारा माणूस ‘अ‍ॅमॉक्सिसिलिन’ समजू शकतो, आणि ज्याला पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी आहे त्याच्या बाबतीत ही गफलत जिवावर बेतू शकते. अशा माणसाला डॉक्सिसायक्लिन सहसा देता येतं, अ‍ॅमॉक्सिसिलिन मुळीच नाही.

नुसतं ‘डॉक्सी’ म्हणण्यात वेगळाच धोका आहे, आणि तो तुमच्या कामाशी थेट जोडलेला आहे. डॉक्सिलामाइन नावाचं एक औषध आहे. बाजारात ते डॉक्सिनेट नावाने खूप खपतं आणि गरोदरपणातल्या उलट्यांवर देतात. म्हणजे एक ‘डॉक्सी’ खास गरोदर बाईसाठी आणि दुसरं ‘डॉक्सी’ तिला द्यायचं नाही असं. शिवाय डॉक्सोफायलिन आहे, दम्याच्या म्हाताऱ्यांना लिहून देतात ते. वाडीत रेंज धड नसते. पावसात उभं राहून कुणी बाजारात फोन लावतो आणि “येताना डॉक्सीची पाकिटं घेऊन ये” म्हणतो. पलीकडचा मुलगा दुकानात काय बोलेल आणि दुकानदार काय ऐकेल, याचा भरवसा नाही. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी पूर्ण नाव वाचायला लावतो आणि पुढे ‘शंभर’ म्हणायला लावतो: डॉक्सिसायक्लिन शंभर मिलिग्रॅम. डॉक्सोफायलिनची नेहमीची गोळी चारशेची असते, त्यामुळे आकडा बोलला की निम्मा घोटाळा तिथेच टळतो. डॉक्टरांनी औषधाचं मूळ नाव सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावं असा नियम २०१६ सालीच झाला आहे. चिठ्ठी वाचता येत नसेल तर परत पाठवून नीट लिहून मागा, संकोच करू नका. तो तुमचा हक्कच आहे.

आता हे नाव आलं कुठून? टेट्रासायक्लिन म्हणजे चार कडी एकमेकांना चिकटून असलेला रेणू. या घराण्यातलं पहिलं औषध, ऑरिओमायसिन, १९४८ साली जगापुढे आलं. ते मातीतल्या एका जंतूपासून मिळालं होतं. अमेरिकेतल्या ज्या लेडर्ली प्रयोगशाळेत बेंजामिन डग्गर यांनी ते शोधलं, तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. आपल्याकडे त्यांचं नाव फारसं कुणाला माहीत नाही, याचं मला नेहमी वाईट वाटतं. पुढे ऑक्सिटेट्रासायक्लिन आलं. त्यातला एक ऑक्सिजन काढून फायझर कंपनीने जे बनवलं ते डी-ऑक्सी, म्हणजेच आपलं डॉक्सिसायक्लिन. १९६७ मध्ये ते बाजारात आलं. त्या एका बदलामुळे ते पोटातून जवळजवळ सगळं रक्तात उतरू लागलं आणि अंगात जास्त वेळ टिकू लागलं; रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण १८ ते २२ तास लागतात. म्हणून जुन्या टेट्रासायक्लिनसारखं दिवसातून चार वेळा घ्यावं लागत नाही. ते बरंचसं आतड्यावाटे बाहेर पडतं, त्यामुळे किडनी अडचणीत असली तरी सहसा डोस बदलावा लागत नाही. लेप्टोत किडनीला मार बसतो, तेव्हा ही गोष्ट आम्हाला फार उपयोगी पडते.

हे औषध जंतूला थेट मारत नाही. जंतूच्या पेशीत प्रथिनं तयार करणारी जी जागा असते, तिथे जाऊन ते बसतं, आणि जंतूची वाढ थांबते. उरलेलं काम आपल्या शरीराची प्रतिकारशक्ती करते. दोन दिवसांत ताप उतरला म्हणून उपचाराचा कोर्स मध्येच सोडायचा नाही, त्याचं कारण हे.

लेप्टोचं सांगतो. लेप्टोस्पायराचे जंतू उंदरांच्या लघवीतून येतात हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण गाई-म्हशी, बैल, कुत्री, डुकरं यांच्या लघवीतूनही ते पडतात, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. आपला गोठा घराला लागून, गोठ्याचं पाणी परड्यात, परड्यातून व्हाळात आणि व्हाळाचं पाणी कुणग्यात, म्हणजे भातखाचरात. त्या चिखलात माणूस दिवसभर पोटरीभर उभा असतो. पायाला भेग असते, तरवा (भाताची रोपं) काढताना बोटं कातरलेली असतात. जंतू तिथून आत शिरतो. डोळ्यांतून, तोंडातूनही शिरतो. मग बहुतेकांना पाच ते चौदा दिवसांत ताप भरतो. ताप, डोकेदुखी, अंगदुखी तर सगळ्याच तापांत असते. लेप्टोत पोटऱ्या इतक्या दुखतात की हात लावू देत नाहीत, आणि डोळे लाल होतात पण त्यांना चिपडं येत नाहीत. पावसाळ्यात चिखलात काम केलेल्या माणसाला ताप आला की मी पहिल्यांदा त्याच्या पोटऱ्या दाबून बघतो.

अशा सौम्य लेप्टोत मोठ्या माणसाला डॉक्सिसायक्लिन शंभर मिलिग्रॅम दिवसातून दोन वेळा, सात दिवस देतात. कावीळ दिसू लागली, लघवी कमी झाली, दम लागला की मामला कॅप्सूलचा राहत नाही. तिथे पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन शिरेतून द्यावं लागतं आणि तेही रुग्णालयातच. सगळा फरक वेळेने पडतो. पहिल्या दोन-तीन दिवसांत औषध सुरू झालेला माणूस बहुधा घरीच बरा होतो. अंगारे-धुपारे, मग पॅरासिटामॉल, मग “लावणी आटपली की जाऊ” असं करत सहाव्या दिवशी येणाऱ्याला आम्हाला पुढे पाठवावं लागतं.

तुम्ही वाटता ती गोष्ट वेगळी, ती आजार येण्याआधीची आहे: आठवड्यातून एकदा २०० मिलिग्रॅम, म्हणजे शंभरच्या दोन कॅप्सूल एकाच वेळी, लावणीचे आठवडे चालू असेपर्यंत. याला आधार आहे. १९८२ मध्ये पनामाच्या जंगलात सराव करणाऱ्या अमेरिकन सैनिकांना ही मात्रा दर आठवड्याला देऊन पाहिली. ज्यांना नुसती खोटी गोळी दिली त्यांच्यात वीस जणांना लेप्टो झाला, औषध घेतलेल्यांत एकाला. पण आपल्याला जास्त जवळचा आहे तो अंदमानात भारतीय संशोधकांनी केलेला अभ्यास, २००० साली प्रसिद्ध झालेला. तिथे संसर्ग दोन्ही गटांत जवळपास सारखाच झाला. औषध घेतलेल्यांत आजारी पडणारे मात्र बरेच कमी निघाले. म्हणजे कॅप्सूल जंतूला दारात अडवत नाही, आत आलेल्याला डोकं वर काढू देत नाही. म्हणून कॅप्सूल घेतली की गमबूट नको, जखमेवर पट्टी नको, असं कुणी म्हणत असेल तर ते चूक आहे हे ठामपणे सांगा. (गमबुटात चिखल शिरतो, पाय रुततो, लावणी करता येत नाही, ही बायकांची तक्रार खरी आहे. निदान गोठा साफ करताना, उंदरांचा वावर असलेल्या खोपटात शिरताना आणि व्हाळातून जाताना तरी ते घालावेत. जखम असेल तर त्या दिवशी चिखलात उतरू नये.)

आणि कॅप्सूल घेतलेल्यालाही ताप आला तर तो तापच आहे. “डोस घेतलाय ना, मग काही नाही” असं म्हणून त्याला घरी बसवू नका.

पुराच्या पाण्यातून चालून आलेल्यांसाठी मुंबई महापालिका दर पावसाळ्यात सूचना काढते, त्यात ७२ तासांच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्याने हेच औषध घ्यायला सांगतात. तो एका प्रसंगापुरता उपाय आहे. मुंबईकर नातेवाईक फोनवरून तोच सल्ला गावाला देतात आणि लोक एकच डोस घेऊन पूर्ण लावणी निभावली असं समजतात. तुमच्या आरोग्य केंद्राने जो साप्ताहिक कार्यक्रम ठरवला असेल, तोच पाळायचा.

छातीतल्या जळजळीचं नीट सांगतो, कारण कॅप्सूल फळीवर राहण्याचं मुख्य कारण तेच. एक बाई माझ्याकडे आली होती, पन्नाशीची, दिवसभर तरवा काढून दमलेली. रात्री जेवण झाल्यावर अंथरुणावर बसूनच चहाच्या दोन घोटांबरोबर तिने दोन्ही कॅप्सूल घेतल्या आणि लगेच आडवी झाली. सकाळी आली ती छातीच्या मधोमध बोट ठेवून. “डॉक्टरांनू, थुंकी सुद्धा गिळूक जमणा नाय.” तिला वाटत होतं हार्ट अ‍ॅटॅक आहे. ईसीजी काढला, तो ठीक होता. झालं होतं ते असं: कॅप्सूलचं आवरण ओलं झालं की चिकट होतं. घोटभर पाण्यात ती अन्ननलिकेतच अडकून राहते, तिथेच फुटते, आणि आतली पावडर आम्लधर्मी असल्याने त्या जागी व्रण पडतो. आठवडाभर पेज, थंड दूध आणि आम्ल कमी करणारं औषध यावर ती बरी झाली. पण त्या वाडीत पुढे कुणी कॅप्सूल घेईना. एका बाईला झालेला त्रास सगळ्यांच्या तोंडी झाला होता.

हे टाळणं अगदी सोपं आहे. जेवण झाल्यावर, बसून किंवा उभ्याने, पूर्ण पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची. दोन कॅप्सूल असतील तर एकामागून एक. त्यानंतर निदान अर्धा-पाऊण तास आडवं व्हायचं नाही. म्हणून मी रात्रीची वेळ सांगतच नाही. सकाळी न्याहारी झाल्यावर किंवा दुपारच्या जेवणावर घ्यायला सांगतो. तुम्ही वाटतानाच पाण्याचा तांब्या मागवा आणि समोर घ्यायला लावा. पाकीट हातात देऊन पुढच्या घरी जाण्यापेक्षा याला वेळ लागतो, मला कल्पना आहे. पण समोर घेतलेली कॅप्सूलच खरी वाटली गेली. पोट रिकामं असेल तर मळमळतं, एखाद्याला उलटी होते. भाकरी-पेज खाल्ली असेल तर सहसा होत नाही.

दुधाबद्दल लोक विचारतात. जुन्या टेट्रासायक्लिनला दूध फार बाधायचं, डॉक्सिसायक्लिनला तेवढं नाही. तरी त्याच घोटाबरोबर दूध नको. दुधापेक्षा जास्त अडथळा आणतात त्या लोहाच्या गोळ्या, आणि त्या तुम्हीच वाटता! लोह, कॅल्शियम आणि अ‍ॅसिडिटीच्या पातळ औषधातलं मॅग्नेशियम-अ‍ॅल्युमिनियम हे सगळं या औषधाला पोटातच बांधून ठेवतं, मग ते रक्तात उतरत नाही. ज्या दिवशी डॉक्सिसायक्लिन असेल त्या दिवशी ते दुपारी आणि लोहाची गोळी रात्री, अशी वेळ लावून द्या. फिट्सच्या गोळ्या (फेनिटॉइन, कार्बामाझेपिन) घेणाऱ्याच्या अंगातून हे औषध लवकर निघून जातं, आणि रक्त पातळ करण्याचं वॉरफरिन घेणाऱ्यात रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. असे लोक तुमच्या यादीत असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. उन्हात कातडी भाजल्यासारखी लाल होते, हा आणखी एक त्रास. लावणीच्या अंधाऱ्या दिवसांत तो कळतही नाही. पण मासेमारीबंदी उठल्यावर होडीवर जाणाऱ्या मुलाला मुरुमांसाठी महिना-दोन महिने हेच औषध चालू असेल, तर त्याला बाह्या लांब ठेवायला आणि टोपी घालायला सांगावं लागतं.

गरोदर बाईला ही कॅप्सूल वाटायची नाही. हे औषध कॅल्शियमला धरतं आणि बाळाच्या तयार होणाऱ्या दातांत-हाडांत जाऊन बसतं. आठ वर्षांखालच्या मुलांना प्रतिबंधासाठी देत नाहीत तेही दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडू नयेत म्हणून. त्यांच्यासाठी डॉक्टर बहुधा अ‍ॅझिथ्रोमायसिन निवडतात. पाळी चुकली आहे पण अजून कुणाला सांगितलेलं नाही अशी सून प्रत्येक वाडीत एखादी असतेच. कॅप्सूल देण्याआधी तिला बाजूला घेऊन विचारणं तुम्हालाच जमेल, आम्हाला नाही.

मुलांच्या बाबतीत एक अपवाद माहीत असू द्या. स्क्रब टायफसचा (किड्याच्या चाव्यातून येणारा ताप, पुढे सांगतो) संशय असेल तर आठ वर्षांखालच्या मुलालाही डॉक्टर थोड्या दिवसांचं डॉक्सिसायक्लिन देतात आणि ते योग्यच असतं. थोड्या दिवसांत दात खराब होत नाहीत. आजार मात्र जीव घेऊ शकतो. “आशाताई म्हणाल्या मुलांना द्यायचं नाही” म्हणून आईने औषध बंद केलं, असं होता कामा नये.

स्क्रब टायफस हा तापही आपल्याकडे ओळखायला शिकलं पाहिजे. हा गवतातल्या अगदी बारीक किड्याच्या अळीच्या चाव्यातून होतो, पाऊस ओसरताना, गवत कापणीच्या आणि भातकापणीच्या सुमारास. चावलेल्या जागी न दुखणारी, न खाजणारी काळी खपली पडते, सिगारेटचा चटका बसल्यासारखी, कडेने लाल. ती काखेत, जांघेत, कमरेच्या नाडीखाली, स्तनाखाली अशी लपलेली असते; रुग्णाला स्वतःलाही तिचा पत्ता नसतो. इथे पेनिसिलिन-सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन चालतच नाहीत. डॉक्सिसायक्लिन सुरू केलं की बहुतेकांचा ताप दोन दिवसांत उतरतो, इतका की निदानाची ती एक खूणच मानतात. आजार गंभीर असेल तर डॉक्सिसायक्लिन आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन दोन्ही शिरेतून एकत्र दिल्याने जास्त फायदा होतो, हे भारतातल्याच रुग्णालयांत झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवलं. बाईमाणूस डॉक्टरांसमोर अंग दाखवायला लाजते. घरी भेट द्याल तेव्हा तापाच्या रुग्णाला तुम्हीच पडद्याआड नीट तपासा.

याखेरीज हे औषध कॉलरा, काही प्रकारचे न्यूमोनिया, गुप्तरोग, मुरुमं, मलेरियाचा प्रतिबंध अशा बऱ्याच गोष्टींत वापरतात. त्यात तुम्हाला पडायची गरज नाही.

मात्र ते कशावर चालत नाही हे गावाला सांगायची गरज नक्की आहे. डेंग्यू, फ्लू, नेहमीचा सर्दी-खोकला हे विषाणूंचे आजार. तिथे याचा काही उपयोग नाही. आमच्या दोडामार्ग-सावंतवाडी भागात २०१६ पासून माकडताप आहे, तोही विषाणूचाच, गोचिडीतून येणारा. तो साधारण डिसेंबर ते मे या दिवसांत, म्हणजे काजूच्या हंगामात, बागेत-रानात जाणाऱ्यांना होतो. लावणीतल्या उरलेल्या कॅप्सूल डब्यात ठेवून फेब्रुवारीतल्या तापावर घेणारे लोक मी पाहिले आहेत. दोन दिवस तसेच वाया जातात, आणि माकडतापात सुरुवातीचे दिवस लक्ष ठेवण्याचे असतात. उरलेल्या कॅप्सूल मोजून परत घ्या. मुदत संपलेलं टेट्रासायक्लिन खाल्ल्याने किडनीला इजा झाल्याची उदाहरणं वैद्यकात १९६० च्या दशकापासून नोंदलेली आहेत, म्हणून या घराण्याच्या औषधाची तारीख तर पाहिलीच पाहिजे. पाकिटावरची उभी लाल रेघ म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही, हेही दाखवून द्या. वाचता न येणाऱ्यालाही रेघ दिसते.

ताप आलेल्या माणसाला आरोग्य केंद्रात पाठवाल तेव्हा सोबत एक चिठ्ठी द्या: डॉक्सिसायक्लिन शंभर मिलिग्रॅम, आजवर किती कॅप्सूल, शेवटची कोणत्या दिवशी, चिखलात कधी उतरला होता, ताप कधीपासून. आधीच औषध पोटात असलं की रक्ताच्या तपासण्यांचा अर्थ लावताना आम्हाला हे माहीत असावं लागतं. आणि दम लागत असेल, खोकल्यातून रक्त पडत असेल, डोळे पिवळे दिसत असतील किंवा सकाळपासून लघवी झाली नसेल, तर चिठ्ठी लिहीत बसू नका. १०८ ला फोन लावा आणि बाकीचं मला किंवा तुमच्या मेडिकल ऑफिसरना वाटेतून सांगा.